दाराची पेटी

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी वाचनालयाचं कपाट उघडलं आणि दाराची पेटी जागेवर नव्हती.

पेटीत दार नव्हतं, दाराचे शब्द होते. हैदराबादमधल्या चिक्कडपल्लीच्या ज्ञानवर्धक वाचनालयात बसून हणमंतराव एकतीस वर्षं एक कोश करत होते. घराच्या बांधणीतले जे शब्द माणसं घराबाहेरही वापरतात, त्यांचा कोश. मैत्रीचा पाया, यशाचा कळस, कायद्याची चौकट, कामातला अडसर. मूळ वस्तू कोणती, ती कशी असते आणि तिचं नाव माणसाच्या बोलण्यात कसं शिरलं, हे सगळं एकेका चिठ्ठीवर. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या, चार बोटं रुंद. त्यांच्या पेट्या घर बांधायच्या क्रमानं लावलेल्या: पाया, भिंत, छप्पर आणि शेवटी दार. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी दोन ओळी ठरलेल्या. ‘सांगणार’ आणि ‘हात लावला’. वस्तूला स्वतः हात लावल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, असा त्यांचा नेम होता. एका कळसासाठी साठाव्या वर्षी ते देवळाच्या शिखरावर चढले होते, असं सगळं चिक्कडपल्ली कौतुकानं सांगतं.

मी मृण्मयी. माहेर पुण्याचं, १९९४ साली लग्न होऊन इकडे आले. आबिड्सला एका डीटीपी सेंटरमध्ये काम करते. पहिल्या तीन पेट्या मी टाइप करून संपवल्या होत्या. चौथी राहिली होती आणि तिची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. चिठ्ठ्यांवरची ‘सांगणार’ मंडळी निम्मी तरी वारलेली. हणमंतरावांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. उजव्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं होतं. सोमवारपर्यंत पट्टी, भेटायला फक्त मुलगी, आणि डॉक्टरांची ताकीद की कसलाही धक्का द्यायचा नाही.

जाताना ते मला म्हणाले होते, “बाळ, दार नसलेलं घर मी छापायला देणार नाही. तेवढी पेटी सांभाळ.”

मी ती तीन दिवससुद्धा सांभाळली नव्हती. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली नेहमीसारखी कॅलेंडरमागच्या खिळ्याला. वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली वाकून पाहिलं तर पेटी सापडली. नावाची पट्टी भिंतीकडे केलेली आणि आत एकही चिठ्ठी नाही.

२

अशा वेळी आमच्या घरात एकाच माणसाला फोन करतात. माझी आत्येसासू, त्रिवेणीआत्या.

आत्यानं चौतीस वर्षं आबिड्सच्या पोस्टात काढली. पत्ता अर्धवट असलेली पत्रं तिच्या टेबलावर यायची. ‘हैदराबाद, पिंपळाच्या झाडाजवळ, मामाला मिळो’ एवढ्यावर तिनं मामा शोधून काढलेला आहे. लग्नानंतर पहिल्यांदा तिचं ‘हौ’ आणि ‘नक्को’ ऐकून मी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं. आता ते आठवलं की माझं मलाच हसू येतं. त्या बाईच्या डोक्यापुढे माझी पुणेरी शुद्ध मराठी पाणी भरते.

तासाभरात आत्या रिक्षातून उतरली. मी घाईनं तिला आत न्यायला निघाले आणि दारातच माझ्या कमरेला काहीतरी बोचलं. भिंतीतून एक जाड लाकडी दांडा हातभर बाहेर आलेला होता आणि त्यावर फरशी पुसायचं ओलं फडकं टांगलेलं. माझ्या नव्या कुर्त्यावर पांढरट ओला पट्टा उमटला.

“ही झाडणारी गंगू म्हणजे ना!” मी करवादले. “फडकं टांगायला दुसरी जागा नाही मिळाली?”

आत्यानं फडक्याकडे पाहिलं, माझ्या कुर्त्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि आत येऊन पंख्याखाली बसली.

“आत्या, कुणी नेलं असेल?”

“कोण नेलं ते मागून बघू की. कुणाला पोचवायचं होतं, ते आधी बघायचं. पत्राचं तसंच असतंय.” तिनं रिकामी पेटी मांडीवर घेतली, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात तिच्यावर आडवा धरला आणि मान हलवली. “चोराला चिठ्ठ्या पाहिजे होत्या तर पेटीसकट उचलून नेला असता. मोकळ्या चिठ्ठ्या नेणं किती तकलीफ! मग पेटी का टाकली?”

मी पुन्हा टेबलाखाली वाकून पाहिलं. आत्या म्हणाली, “सुचंल हल्लू हल्लू. बोलव एकेकाला.”

३

पहिला आला सुरेश, वाचनालयाचा चिटणीस. चाळिशीचा, कमरेला पेजर, त्याचा आवाज झाला की सगळ्यांकडे बघणारा. जुनी दगडी इमारत बिल्डरला देऊन तिथे चार मजली कॉम्प्लेक्स उठवायचं आणि दुसऱ्या मजल्यावर वाचनालयाला एक हॉल घ्यायचा, ही त्याचीच कल्पना. गावात नव्या इमारती भराभर उठत होत्या आणि आपण मागे राहू नये असं त्याला मनापासून वाटायचं.

“त्रिवेणीअक्का, मला त्या चिठ्ठ्या घेऊन काय करायचंय? मी तर परेशान आहे. उद्या रद्दीवाला यायचाय, परवा दुपारी सुतार.”

“सुतार कायकू?”

सुरेश गडबडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सागवानी दारं, चौकटी आधी विकल्या जातात ना. रविवारी भिंती पाडणार. सभासदांना अजून सांगितलेलं नाही. उगं कल्ला करतात.”

मी थक्कच झाले. सगळ्यांना वाटत होतं अजून दोन महिने आहेत. म्हणजे चिठ्ठ्या या इमारतीत कुठेही असल्या, तरी आमच्याकडे दोनच दिवस होते. सोमवारी पट्टी निघाल्यावर हणमंतराव पहिली चौकशी कशाची करतील, ते मला पक्कं माहीत होतं.

आत्या मात्र दाराकडे बोट दाखवून विचारत होती, “सुरेश, तो दांडा कायचा रे?”

“तो? पुराना लाकूड आहे. फडकं वाळत घालायला ठोकला असेल कुणी.”

“बरं. जा तू.”

सुरेशनंच केलं, अशी माझी खात्री झाली होती. चिठ्ठ्या नाहीत म्हणजे कोश नाही, कोश नाही म्हणजे हणमंतरावांसाठी इमारत थांबवा म्हणणारंही कुणी नाही. मी तसं म्हटल्यावर आत्यानं पदरानं वारा घेतला. “त्याला पाहिजे असतं तर उद्याच्या रद्दीत पेटी गेली असती. त्यानं कशाला हात घाण करून घ्यायचे?”

४

संध्याकाळी पाचला हिम्मतराव आले. निवृत्त हेडमास्तर, हणमंतरावांचे सव्वीस वर्षांचे विरोधक. रोज पाचला यायचं, एका शब्दावर भांडायचं आणि सातला चहा पिऊन जायचं, हा त्यांचा शिरस्ता. हणमंतराव दवाखान्यात गेल्यापासूनही ते रोज येऊन त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसत होते. मंगळवारी संध्याकाळी तर दोन तास एकटेच होते.

“माझ्यावर संशय आहे, हे मला कळतं,” ते बसताच म्हणाले. “आणि तो चूक आहे असंही नाही. दाराच्या पेटीतली एक चिठ्ठी छापली जाऊ नये, असं मला वाटत होतं.”

“कुठली?” आत्यानं विचारलं.

“अडसराची. मी बारा वर्षांपूर्वी लेख लिहिला त्यावर. सर म्हणजे लांब लाकूड, तुळई. दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे असतात, त्यांत ते आडवं ठेवायचं. आडवा सर तो अडसर. हणमंत म्हणतो, नाही, तो आडवा सरतो म्हणून अडसर. सरतो म्हणे! आणि सरून जाणार कुठे? भिंतीत?”

एवढं बोलून ते हसायला गेले आणि मधेच थांबले. चष्मा काढून पुसू लागले.

“ती चिठ्ठी छापली तर सगळ्या मराठवाड्यात मी खोटा ठरतो, त्रिवेणीबाई. पण कोशच छापला नाही तर मी भांडू कुणाशी? त्या माणसानं एका शब्दासाठी शिखरावर चढायचं आणि मी खाली उभं राहून चुका काढायच्या, असं आमचं आयुष्य गेलं. त्याच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे त्याच्या तोंडावर मी कधी बोललो नाही, एवढीच माझी चोरी.”

तरी मी मनात टिपून ठेवलं की, मंगळवारी दोन तास हा माणूस एकटा होता.

५

राहिली गंगू. पंचावन्नची, बिदरकडच्या खेड्यातली, वीस वर्षं वाचनालयात झाडलोट करणारी. अक्षरओळख नाही, पण कुठलं वर्तमानपत्र कुठल्या खुर्चीसमोर ठेवायचं ते तिला बरोबर ठाऊक.

शुक्रवारी सकाळी आत्यानं तिला समोर बसवलं. मी वही घेऊन शेजारी.

“गंगू, चिठ्ठ्या पाहिल्यास?”

“मला काई माहीत नाई, बाई.”

“किल्ली कुठं असती ते माहीत?”

“समद्यालाच माहीत हाय.”

विचारत होती आत्या, पण उत्तर देताना गंगूची नजर माझ्यावर होती. रागाची नव्हे. दारात अनोळखी माणूस आलं की म्हातारी माणसं बघतात, तशी.

“मालक कवा येणार दवाखान्यातून?” तिनं एकच प्रश्न विचारला.

“सोमवारी.”

“मंग सोमवारीच बगू,” ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

आत्या दारापाशी गेली, दांड्यावरचं फडकं बाजूला केलं आणि पेटीवर धरला होता तसाच हात दांड्यावर धरला. खाली वाकून उंबरठ्याजवळची फरशी बोटानं पुसली. बोट पांढरं झालं.

“मृण्मयी, सोमवारी तू इथं आली होतीस ना? हातात काय होतं?”

“मॉनिटर. ऑपरेशनच्या आधी हणमंतरावांना त्यांचेच शब्द मोठ्या अक्षरांत दाखवावेत म्हणून. एवढा मोठा खोका होता, दोन्ही हातांत.”

“ह्या दारातनं आणला?”

“दुसरं दार आहे कुठे?”

“दांडा बोचला?”

सोमवारी मी तो खोका घेऊन सरळ आत आले होते. कशालाही न अडता.

“आता नीट आठव,” आत्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. “मॉनिटर मांडून तू सगळ्यांपुढं काय बोललीस?”

मी काय बोलले होते ते मला शब्दन्शब्द आठवलं. मी म्हटलं होतं, “एकदा सगळं यात गेलं ना, की ह्या चिठ्ठ्या म्हणजे रद्दीच.” हणमंतराव हसले होते. आणि फरशी पुसणारी गंगू हात थांबवून ऐकत होती.

“तिला आत्ता विचारू या?” मी पुटपुटले.

“नक्को. तू समोर असताना ती सांगणार नाही, आणि मी ओढून घेतलं तर तिचा भरवसा कायमचा जाईल. उद्या सकाळी सगळ्यांना बोलव.”

६

शनिवारी दहाला आम्ही जमलो. सुरेश, हिम्मतराव, मी, आणि दाराशी गंगू. आत्यानं तिच्या पोस्टातल्या आवाजात सुरुवात केली.

“पेटी टाकून चिठ्ठ्या नेल्या, म्हणजे जिथं ठेवल्या तिथं पेटी मावत नव्हती. जागा अरुंद पाहिजे, चार बोटांची, पण हातभर खोल. पेटी एक हात लांब आहे. आणि तो दांडा सोमवारी बाहेर नव्हता, गुरुवारी आला, तोबी बरोबर एक हात. आत कशानं तरी त्याची तेवढी जागा घेतलीय.”

“दांड्याची जागा?” सुरेश म्हणाला. “आत काय आहे?”

“दांडा नव्हं रे, अडसर आहे तो. दार उघडं असलं की अख्खा भिंतीत जातो. बंद करायचं तेव्हा ओढायचा, समोरच्या भोकात टोक घालायचं. इतकी वर्षं कुणी ओढला नाही, म्हणून कुणाला दिसला नाही. तुला ते ठोकलेलं लाकूड वाटलं. हिम्मतरावांना वाटतं की अडसर आकड्यांत बसतो. ज्याला भिंत पोकळ आहे हेच माहीत नाही, तो तिच्यात लपवणार कसा? तुम्ही दोघं सुटलात. आणि जमिनीवर कोरडा चुना सांडला होता, तो फडक्यानं पुसून तेच फडकं वर टांगलं, बघणाऱ्याला खुंटी वाटावी म्हणून. आता सांगा, इथं फडकं कुणाच्या हातात...”

तेवढ्यात दारात दोन सुतार उभे राहिले. दुपारी येणार होते, सकाळीच आले. पहिल्यानं चौकटीवर थाप मारली, वाटेत आलेल्या दांड्याकडे पाहिलं आणि तो आत ठोकून टाकायला हातोडा उचलला.

“ठोकू नगंस!”

गंगूनं धावत जाऊन दांड्याच्या टोकावर स्वतःचा तळहात ठेवला होता. हातोडा हवेतच राहिला.

सुतारानं हात खाली घेतला. आत्या गंगूजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “मालकाच्या हाती द्यायचं होतं ना, गंगू?”

“व्हय,” गंगूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “ही सूनबाई म्हणली, मिशिनीत घातलं की रद्दी. सुरेशभाऊ रद्दीवाल्याला बोलवत व्हते. मालक पडलेले दवाखान्यात. म्या कुणाला सांगावं? भिंतीत ठिवलं तर मालक येस्तोवर ऱ्हाईल म्हणलं.”

“गंगू, उद्या ही भिंतच पाडणार आहेत.”

गंगूनं सुरेशकडे पाहिलं. सुरेशनं मान खाली घातली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. वीस वर्षं ती भिंत झाडणाऱ्या बाईला सांगावं, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी अडसर धरला आणि एका लयीत ओढला. चार हात लांबीचं शिसवी लाकूड भिंतीतून सरसर बाहेर आलं. हिम्मतराव उभेच राहिले. मग गंगूनं आत हात घातला, साडीच्या काठाचं लांब सोडलेलं टोक धरलं आणि त्यात बांधलेली चिठ्ठ्यांची चळत ओढून बाहेर काढली. चुन्यानं माखलेली, पण एकही चिठ्ठी दुमडलेली नाही.

“तुला कसं माहीत गं, भिंत पोकळ असती ते?” आत्यानं विचारलं.

“आमच्या गावात व्हता असाच. म्या सात वर्साची व्हते, अठ्ठेचाळीस सालची धामधूम. मायनं अडसर ओढला. दिसभर दार हाणत व्हते भाईरून. तुटलं नाई. लोक म्हणत्यात, ह्याचा अडसर, त्याचा अडसर, जसं काई वंगाळच हाय. अडसर व्हता म्हून आम्ही जगलो.”

आत्यानं चळत सोडली, एक चिठ्ठी शोधून माझ्या हातात दिली. “वाच. मोठ्यानं.”

मी वाचलं:

“‘अडसर. दार आतून बंद करण्याचं आडवं लाकूड. भिंतीतल्या पोकळीतून सरकतं. आकड्यांत ठेवण्याचाही प्रकार असावा. आडवा सरतो म्हणून अडसर, असं मला वाटतं. हिम्मतरावांच्या मते सर म्हणजे तुळई. त्यांचंही बरोबर असू शकेल. लाक्षणिक अर्थ: अडथळा. हा दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा अर्थ झाला. दाराच्या आत असलेल्या माणसाचा अर्थ: भरवसा. हा मला कुठल्याही कोशात मिळाला नाही. सांगणार...’”

पुढची ओळ दिसत असून मला वाचता येईना. हिम्मतरावांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. पुढचं त्यांनी वाचलं.

“‘सांगणार: गंगू. हात लावला: वाचनालयाचं दार, १९८८. गंगूनं ओढून दाखवला.’”

गंगू सुताराला बाजूला सारून पुढे आली.

“माजं नाव लिवलंय?”

“हो,” मी म्हटलं.

“कागदात? आठ वर्सांमागं?”

“हो. आणि आता पुस्तकात छापणार.”

तिनं माझ्याकडे बघत, अगदी सरळ विचारलं, “मंग मिशिनीत घातल्यावर ह्येची रद्दी?”

“नाही, गंगूबाई,” मी म्हटलं. तिला गंगूबाई म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

सुरेशनं सुतारांना परत पाठवलं. बिल्डरला फोन करून त्यानं पंधरा दिवस मागितले आणि अडसर वाचनालयाचा म्हणून यादीतून खोडून टाकला. एवढं त्याचं मी मानते.

सोमवारी बरकतपुऱ्यातल्या आपल्या घरी हणमंतराव आरामखुर्चीत बसले होते. पट्टी निघाली होती, पण हिरवा चष्मा काढायची अजून बंदी होती. किती दिसेल ते महिन्यानं कळणार होतं. आम्ही झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही असं ठरवून गेलो होतो. चळत गंगूच्या हातात होती. तिनं ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी चिठ्ठ्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली, पुन्हा चोळली.

“जुना चुना,” ते म्हणाले. “भिंतीतला.” आणि गंगू उभी होती त्या दिशेला तोंड वळवून त्यांनी विचारलं, “अडसराच्या भोकात ठेवल्या होत्यास?”

“व्हय, मालक.”

“बरं केलंस,” हणमंतराव म्हणाले, आणि मला म्हणाले, “बाळ, आता दार टाइप करायला घे.”